गाथेचे शब्द आणि गाथेची कथा : थेर-थेरींच्या कवितांचा अर्थ कसा लावावा?

सुत्तपिटकातील खुद्दकनिकायात थेरगाथा आणि थेरीगाथा हे अनुक्रमे आठवे व नववे ग्रंथ होत. भगवान बुद्धांच्या भिक्खुसंघातील व भिक्खुणीसंघातील ज्येष्ठांचे उद्गार त्यांत संगृहीत झाले आहेत. पालि टेक्स्ट सोसायटीने 1883 साली रोमन लिपीत प्रसिद्ध केलेल्या संस्करणानुसार थेरगाथेत 1279 आणि थेरीगाथेत 522 गाथा आहेत. पहिल्या ग्रंथात 264 थेरांचे उद्गार आहेत, तर दुसऱ्यात 73 कविता आहेत. या कवितांची मांडणी विषयानुसार किंवा कालानुसार केलेली नसून गाथांच्या संख्येनुसार केलेली आहे. एक गाथा असलेल्या कविता आधी, दोन गाथांच्या त्यानंतर, आणि सर्वांत दीर्घ रचना शेवटी, असा हा क्रम आहे.

आपल्या विहारांतून व अभ्यासवर्गांतून या गाथांचे वाचन होते तेव्हा साधारणपणे एक पद्धत पाळली जाते. प्रथम त्या थेराची किंवा थेरीची कथा सांगावयाची, आणि कथेचा समारोप म्हणून गाथेचा भावार्थ सांगावयाचा. ही कथा बहुतेक वेळा गाथेतील नसते. ती आचार्य धम्मपाल यांच्या 'परमत्थदीपनी' या अट्ठकथेतून, म्हणजे टीकाग्रंथातून आलेली असते. धम्मपालांचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास मानला जातो. याचा अर्थ असा की गाथा आणि तिची कथा यांच्यामध्ये अनेक शतकांचे अंतर आहे. श्रोत्याला मात्र दोन्ही एकाच मुखातून आल्यासारख्या वाटतात.

हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय असता तर त्याचा येथे विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या थेर-थेरी समाजाच्या खालच्या थरातून आल्या, त्यांच्या बाबतीत या सरमिसळीचा परिणाम गंभीर होतो. दासीने आपल्या तोंडाने सांगितलेले दुःख आणि त्या दुःखाबद्दल इतरांनी दिलेले कारण यांत भेद न केल्यास तिचा शब्द तिच्याच विरुद्ध वापरला जाण्याचा संभव असतो. म्हणून कोणतीही गाथा वाचताना प्रथम तिची भाषा, तिचा बंध आणि तिचा आशय यांच्या आधारे तिचा अर्थ लावावा व त्यानंतरच अट्ठकथेकडे वळावे, असे आमचे प्रतिपादन आहे. हे कसे करावयाचे, ते काही कवितांच्या आधारे पाहू.

भाषा : मुत्ता थेरी आणि सुमंगल थेर

थेरीगाथेच्या आरंभीच्या एककनिपातात मुत्ता थेरीची एकच गाथा आहे. तिचा आशय थोडक्यात असा : आपण तीन वाकड्या गोष्टींतून मोकळ्या झालो, उखळातून, मुसळातून आणि वाकड्या नवऱ्यातून. इतकेच नव्हे, तर जन्म-मरणातूनही सुटलो.

या गाथेतील शब्द मराठी वाचकाला परके वाटू नयेत. 'उदुक्खल' म्हणजे आपले उखळ, 'मुसल' म्हणजे मुसळ. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरातील ही दोन साधने पुढे आपल्या आजी-पणजींच्या हातीही होती आणि त्यांची नावेही फारशी बदललेली नाहीत. तथापि गाथेची खरी किल्ली आहे 'मुत्त' हा शब्द. 'सुमुत्ता', 'साधुमुत्ता', 'मुत्तिया', 'मुत्ता' अशा चार रूपांनी तो एका लहानशा गाथेत येतो, आणि बोलणारीचे नावही मुत्ताच आहे. आरंभी या शब्दाचा अर्थ अगदी लौकिक आहे : कांडणापासून, संसाराच्या जाचापासून सुटका. शेवटी त्याच शब्दाचा अर्थ लोकोत्तर होतो : जन्म-मरणापासून विमुक्ती, 'भवनेत्ति' म्हणजे भवाकडे खेचून नेणारा दोर तुटणे.

येथे एक प्रश्न विचारला जातो. यांपैकी खरा अर्थ कोणता? काही वाचक केवळ लौकिक अर्थ घेतात आणि ही घरसंसाराला कंटाळलेल्या स्त्रीची तक्रार आहे असे म्हणतात. काही केवळ लोकोत्तर अर्थ घेतात आणि उखळ-मुसळ ही निव्वळ रूपके आहेत असे म्हणतात. गाथेची भाषा दोघांनाही अडवते. एकच शब्द दोन्ही ठिकाणी वापरून मुत्ताने दोन मुक्तींमध्ये भिंत उभारण्याचे नाकारले आहे. पाठ वाकविणारे श्रम आणि मनाला बांधणारी तृष्णा, या दोहोंतून सुटणे तिच्या दृष्टीने एका ओळीत सांगण्याजोगे आहे.

हे अधिक स्पष्ट होण्यासाठी थेरगाथेतील सुमंगल थेराची गाथा शेजारी ठेवावी. तोही तीन वाकड्या गोष्टींतून सुटल्याचा आनंद व्यक्त करतो आणि तोही वाकडेपणासाठी तोच 'खुज्ज' हा शब्द वापरतो. त्याच्या तीन गोष्टी आहेत विळा, नांगर आणि कुदळ. 'नङ्गल' आणि 'कुद्दाल' हे शब्दही मराठीत नांगर आणि कुदळ म्हणून नांदत आहेत. दोन्ही गाथांचा साचा एक आहे : तीन वाकड्या वस्तू आणि त्यांतून सुटका. परंतु पुरुषाच्या यादीत तिन्ही शेतीची अवजारे आहेत. स्त्रीच्या यादीत दोन साधने असून तिसऱ्या जागी नवरा आहे. दोघांचे श्रम कष्टाचे, पण तिच्या वाट्याला श्रमाबरोबर एक माणूसही ओझे होऊन आला होता. हे मुत्ताने वेगळे वाक्य करून सांगितलेले नाही. साचा सारखा ठेवून तिसरी वस्तू बदलली, एवढ्यानेच ते सांगून झाले. एकटी गाथा वाचली तर हा भेद नजरेतून निसटू शकतो. समान साच्याच्या दोन गाथा शेजारी ठेवल्या म्हणजे तो आपोआप दिसतो.

बंध : अंबपाली थेरी

भाषेनंतर बंधाचा विचार करू. बंध म्हणजे रचनेची ठेवण : वृत्त, चरण, पुनरावृत्ती, क्रम. वैशालीच्या अंबपाली थेरीची 19 गाथांची कविता या दृष्टीने महत्त्वाची आहे. बहुसंख्य थेरीगाथा आठ अक्षरी चरणांच्या सिलोक, म्हणजे अनुष्टुभ छंदात आहेत. अंबपालीच्या गाथा मात्र रथोद्धता वृत्ताच्या चालीत आहेत. त्यांत लांब समास आहेत, उपमा आहेत आणि डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे वर्णन आहे. केस, भुवया, डोळे, नाक, कानाच्या पाळ्या, दात, आवाज, मान असा क्रम उतरत उतरत पावलांपर्यंत येतो आणि शेवटी साऱ्या देहाला जीर्ण घराची उपमा दिली जाते.

स्त्रीसौंदर्याचे असे क्रमवार वर्णन ही राजदरबारातील शृंगारिक काव्याची रीत होय. ज्या काव्यात पुरुष कवी गणिकेचे वर्णन करतो, त्याच काव्याची ठेवण येथे स्वतः गणिकेने हाती घेतली आहे. बहुतेक गाथांत आधी 'पुरे', म्हणजे पूर्वी, ते अंग कसे शोभत होते हे येते; मग 'जराय', म्हणजे वार्धक्याने, ते कसे झाले हे येते; आणि प्रत्येक गाथा एकाच ध्रुवपदाने संपते. सत्य बोलणाऱ्या तथागतांचे वचन खोटे ठरलेले नाही, ही साक्ष ती 19 वेळा देते.

ही पुनरावृत्ती कंटाळवाणी आहे असे कोणास वाटेल. परंतु ध्रुवपद काढून टाकून कविता वाचून पाहावी. उरते ते केवळ म्हातारपणाचे रडगाणे. ध्रुवपद परत ठेवले की तेच वर्णन पुरावा बनते. तथागतांनी अनिच्चता सांगितली. अंबपाली म्हणते, ती तपासून पाहण्यासाठी दुसरीकडे कशाला जाऊ, माझा देह आहे. एकेक अवयव म्हणजे एकेक साक्षीदार. शब्दप्रामाण्यावर विसंबून न राहता अनुभवाने पारखून घ्यावे हा धम्माचा जो बाणा आहे, तोच या कवितेचा बंध झाला आहे.

बंधाकडे लक्ष दिल्याने आणखी एक गैरसमज टळतो. ही कविता स्त्रीदेहाची निंदा करते, असे काही वेळा सांगितले जाते. प्रत्यक्षात सौंदर्याला जवळजवळ प्रत्येक गाथेत त्याची पुरती जागा मिळालेली आहे. आपण सुंदर होतो हे सांगताना अंबपालीला संकोच नाही, आणि आपण गणिका होतो याबद्दल या 19 गाथांत पश्चात्तापाचा एक शब्दही नाही. ती जरेविषयी बोलते, पापाविषयी बोलत नाही.

आशय : पुण्णिका थेरी

आता आशयाकडे वळू. पुण्णिका किंवा पुण्णा थेरीची 16 गाथांची कविता संवादरूप आहे. पाणी वाहणारी दासी आणि थंडीत नदीत स्नान करणारा ब्राह्मण यांचा हा संवाद आहे. कविता कशाविषयी आहे, असे विचारल्यास बहुतेक जण सांगतील की ती तीर्थस्नानाच्या निरर्थकतेविषयी आहे. ते बरोबरच आहे. स्नानाने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे, सुसरी असे सारे जलचर स्वर्गात जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, हा तिचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. या युक्तिवादात खाटीक, कोळी, पारधी, चोर यांचाही उल्लेख येतो. त्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की पुण्णिका काही जातींना हीन लेखते. प्राणिहिंसा आणि चोरी ही कृत्ये तिच्या डोळ्यांसमोर आहेत, कोणाचे कुळ नव्हे. ज्यांना ब्राह्मण स्वतः पापी समजतो, तेही त्याच्याच नियमाने मुक्त ठरतील, हे तिला दाखवावयाचे आहे.

परंतु भाषेकडे नीट पाहिले तर या कवितेचा आशय स्नानापेक्षा अधिक खोल आहे. पहिल्या गाथेत पुण्णिका स्वतःविषयी सांगते : थंडीतही आपण नेहमी पाण्यात उतरत असू, कारण मालकिणींच्या दंडाचे आणि शिव्याशापांचे भय होते. त्यानंतर लगेच ती ब्राह्मणाला विचारते, तू कोणाला भिऊन पाण्यात उतरतोस? तिच्यासाठी 'भीता' हा शब्द आला, त्याच्यासाठी 'भीतो' आला. तिने स्वतःबद्दल 'ओतरिं', मी उतरले, असे म्हटले. पुढे ब्राह्मणाबद्दल 'ओतरि', तू उतरलास, हीच क्रिया योजली. एकाच थंड पाण्यात, एकाच थरथरीत दोघे उभे आहेत, आणि दोघांना तेथे आणणारी गोष्ट एकच आहे : भय.

फरक एवढाच की दासीला आपले भय कोठून येते हे ठाऊक आहे. ते धन्याच्या काठीतून आणि जिभेतून येते. ब्राह्मणाला आपले भय कोठून येते हे ठाऊक नाही. अज्ञान्याला अज्ञान्याने सांगितले आणि त्याने ते मानले. म्हणून या संवादात ज्ञान दासीकडे आहे. शेवटी ती त्याला सांगते, दुःखाचे भय वाटत असेल तर उघडपणे किंवा गुप्तपणे पाप करू नकोस. भय या शब्दापासून निघालेली कविता भयातून बाहेर पडण्याच्या मार्गावर येऊन थांबते. ब्राह्मण कृतज्ञतेने तिला वस्त्र देऊ करतो. ती घेत नाही, ते तुझ्यापाशीच राहू दे असे म्हणते. ज्या स्त्रीच्या श्रमाचे मोल कोणी दिले नाही, तिने उपदेशाचे मोल घेण्याचे नाकारले, हा या कवितेतील मोठा क्षण आहे.

1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांच्या पूर्वजांनी पाण्याचा हक्क बजावला, त्या वाचकांना या कवितेतील पाणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्णिकेला पाणी नाकारलेले नव्हते, ते तिच्यावर लादलेले होते. पाणी पवित्र की अपवित्र हा प्रश्न दोन्हीकडे वरवरचा आहे. खाली आहे तो माणसाच्या किमतीचा प्रश्न.

सुनीत थेर : वंदन करणारा आणि वंदनीय

थेरगाथेतील सुनीत थेराची 12 गाथांची कविता याच आशयाशी नाते सांगते. सुनीत हा 'पुप्फछड्डक' होता. शब्दशः अर्थ फुले टाकणारा. काम कोमेजलेली फुले, केरकचरा काढण्याचे. आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, आपले काम हीन होते, लोक आपली किळस करीत, असे तो सांगतो. येथे कामासाठी आलेला शब्द 'कम्म' असा आहे. त्याचा अर्थ पूर्वजन्मीचे संचित असा नाही, उपजीविकेचा व्यवसाय असा आहे. 'नीच' हा शब्दही लक्षपूर्वक पाहावा. तो प्रथम कुळाला लागतो आणि नंतर मनाला : आपण मन नीच करून पुष्कळ लोकांना वंदन करीत होतो. मन मुळात नीच नव्हते. ते तसे करावे लागत होते. 'करित्वान' या एका रूपात हा सारा अर्थ आहे.

यापुढे कवितेचा बंध वंदनाभोवती फिरतो. पहिले वंदन पुष्कळ लोकांना, दबलेल्या मनाने. दुसरे वंदन तथागतांना. सुनीत कावड खाली ठेवतो आणि आपण होऊन वंदनासाठी जवळ जातो. त्याच्यासाठी तथागत थांबतात. प्रव्रज्येची याचना तोच करतो. तथागत 'ये भिक्खू' असे म्हणतात आणि तीच त्याची उपसंपदा ठरते. मग अरण्यातील एकांत, आळस न करता केलेली साधना, रात्रीच्या तीन प्रहरांतील तीन विद्या. पहाट होते तेव्हा तिसरे वंदन येते. आता इंद्र आणि ब्रह्मा हात जोडून सुनीताला वंदन करतात. एका रात्रीच्या अंतराने वंदन करणारा वंदनीय झाला. कवितेच्या शेवटी तथागत सांगतात की तप, ब्रह्मचर्य, संयम आणि दम यांनीच माणूस ब्राह्मण होतो.

अनेक उपासक विचारतात, तथागतांनी श्रेष्ठतेसाठी 'ब्राह्मण' हाच शब्द का वापरावा? पुण्णिकेच्या आणि सुनीताच्या कवितांचे शेवट एकत्र वाचले म्हणजे उत्तर मिळते. पुण्णिकेच्या कवितेच्या शेवटी तो ब्राह्मण म्हणतो की आपण पूर्वी केवळ नावाचे ब्राह्मण होतो, आज खरे झालो, आज 'न्हातक' झालो. न्हातक म्हणजे स्नातक, न्हालेला. नदीत बुडी मारणारा न्हालेला नव्हता. दासीचे ऐकणारा न्हालेला ठरला. सुनीताच्या कवितेत तेच बिरुद कचरा काढणाऱ्याला लागू होते. शब्द समाजातून घेतला, त्यातील जन्म काढून टाकला आणि त्यात आचरण भरले. ज्या शब्दाने माणसांना बाहेर ठेवले जात होते, त्या शब्दाचे दार आतून उघडले गेले.

अट्ठकथेचे कारण आणि गाथेचे मौन

आता अट्ठकथा काय सांगते ते पाहू. सुनीत कचरा काढणाऱ्याच्या घरी का जन्मला? पूर्वजन्मी त्याने एका पच्चेकबुद्धाबद्दल अवमानकारक शब्द उच्चारले म्हणून. पुण्णिका दासीच्या पोटी का आली? पूर्वजन्मी भिक्खुणी असताना तिने विद्वत्तेचा गर्व केला म्हणून. अंबपाली गणिका का झाली? पूर्वजन्मी तिने एका अर्हत थेरीला उद्देशून गणिकावाचक शिवी उच्चारली म्हणून. तिन्ही ठिकाणी साचा एकच आहे : आज जी अवहेलना सोसावी लागते, तिचे बीज सोसणाऱ्याच्याच गतजन्मीच्या अवहेलनेत आहे.

या तिन्ही कवितांत असे एकही कारण दिलेले नाही. सुनीत पूर्वजन्मांच्या स्मरणाचा उल्लेख करतो हे खरे. परंतु ती त्याने प्राप्त केलेली विद्या आहे, आपल्या नीचत्वाचे स्पष्टीकरण म्हणून तो ती सांगत नाही. पुण्णिका तर कारण स्पष्टच सांगते : मालकिणींचा दंड आणि शिव्या. तिचे दुःख वर्तमानातील आहे आणि ते देणारेही वर्तमानातील आहेत.

दुसरा भेदही नोंदवण्याजोगा आहे. अट्ठकथेतील सुनीत तथागतांना पाहून लपण्यास जागा शोधतो, भिंतीला चिकटून उभा राहतो, आणि प्रव्रज्येविषयी तथागतच त्याला विचारतात. गाथेतील सुनीत कावड ठेवून स्वतः पुढे जातो आणि स्वतः मागणी करतो. कथेत तो करुणेचा विषय आहे. गाथेत तो करुणेबरोबरच स्वतःच्या पावलांनीही चाललेला आहे.

अट्ठकथेला यावरून त्याज्य ठरवावे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. अवघड शब्दांचे अर्थ, बोलणारा कोण, ऐकणारा कोण, पाठभेद, हे सारे आपल्याला तिच्यामुळेच समजते. तिच्या कथांत इतरांना तुच्छ लेखू नये असा बोधही आहे. परंतु या बोधाची किंमत ज्याला तुच्छ लेखले गेले त्याच्याकडूनच वसूल केली जाते, हा तिच्यातील दोष होय. तसेच, पूर्वकर्माचा विचार कोणत्याच गाथेत नाही असाही दावा करता येणार नाही. थेरीगाथेतील इसिदासी आपल्या वैवाहिक दुःखाचे कारण म्हणून पूर्वजन्मींचा वृत्तांत स्वतःच सांगते. पाटलिपुत्राचा निर्देश, आर्या वृत्त आणि भाषा यांवरून ती रचना उत्तरकालीन मानली जाते. म्हणून एक नियम सगळीकडे लावण्याऐवजी प्रत्येक गाथा तपासून पाहणे हाच मार्ग आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रकाशित झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात सुनीत व सुमंगल यांच्या धम्मदीक्षेची वृत्ते समाविष्ट केली. सुनीताचा प्रसंग सांगताना त्यांनी अट्ठकथेतील तपशिलांचा उपयोग केला. पूर्वजन्मीच्या पापाची कथा मात्र घेतली नाही. त्याच ग्रंथात कर्माची चर्चा करताना, गरिबांच्या व दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकून टाकावी हाच गतकर्माच्या सिद्धान्ताचा उपयोग होऊ शकतो, असा विचार त्यांनी मांडला. पालि गाथांचे शब्दशः वाचन आपल्याला, निदान या कवितांच्या बाबतीत, याच ठिकाणी आणून सोडते. बाबासाहेबांची निवड मूळ ग्रंथाला सोडून केलेली आहे असे म्हणणाऱ्यांनी सुनीताच्या 12 गाथा एकदा ओळीने वाचून पाहाव्यात.

अभ्यासवर्गांसाठी

वर्षावासात आपल्या विहारांतून ग्रंथवाचन होते. त्या वेळी एखादी गाथा घेतल्यास तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला : कोणता शब्द पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ तोच राहतो का? दुसरा : रचनेची ठेवण कशी आहे, कोठून सुरुवात होते, कोठे शेवट होतो, मध्ये काय उलटते? तिसरा : बोलणारी व्यक्ती आपल्या दुःखाचे कारण काय सांगते, आणि काय सांगत नाही? या तिन्हींची उत्तरे वहीत लिहून झाल्यावरच अट्ठकथेतील कथा वाचावी व ती उत्तरांशी ताडून पाहावी. यासाठी पालि व्याकरणाचे मोठे ज्ञान लागत नाही. नागरी लिपीतील मूळ पाठ आणि एक चांगला अनुवाद शेजारी ठेवला तरी पुनरावृत्त शब्द डोळ्यांना दिसतात, आणि त्यांतील अनेक शब्द मराठीने जपून ठेवलेले असतात.

पुण्णिकेने ब्राह्मणाला विचारले होते की हे तुला कोणी सांगितले. गाथेच्या कथेबद्दल हाच प्रश्न विचारण्याचा अधिकार तिने आपल्यालाही दिला आहे.